पाहुण्यांचं कुत्रं, आपली पायताणं

फोन साधारण असाच येतो. पुण्याहून आत्या, कोल्हापूरहून मेहुणे, नाहीतर गोकाकहून मामा. आधी खुशाली, मग पावसापाण्याचं, आणि बोलणं संपता संपता हळूच, "तुमचं घर ऐसपैस, मागं परसू हाय, तेवढं कुत्रं घेऊन जावा की. लई गुणी हाय, जरा चावतंय इतकंच."

ह्या 'चावतंय'पाशी थांबायचं. माणसाला दात लावणं आणि चप्पल कुरतडणं, दोन्हीला आपण चावणंच म्हणतो. म्हणून पहिला प्रश्न एकच: कुणाला चावतंय, की काय चावतंय? वस्तू कुरतडणारं तरुण कुत्रं दोन-तीन महिन्यांत मार्गी लागतं. ताटाजवळ कुणी गेलं की गुरगुरणारं, तोंडातलं काढायला गेलं की हाताला दात लावणारं कुत्रं हे वेगळं प्रकरण आहे. घरात लहान मुलं असतील तर ते प्रत्यक्ष बघितल्याशिवाय 'बरं, आणा' म्हणू नये. पुढचं सगळं कुरतडणाऱ्या कुत्र्याबद्दल आहे.

दुसरा प्रश्न वयाचा, आणि तो महिन्यांत. 'वर्षाचं होईल' हे उत्तर धरून चालू नका, ओठ उचलून दात बघा. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, मोठ्या कुत्र्याला ४२. पुढचे बारीक दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बदलायला लागतात, सुळे आणि दाढा पाचव्या-सहाव्यात, आणि सातव्या महिन्यापर्यंत सगळे पक्के दात आलेले असतात. दुधाचा सुळा सुईसारखा बारीक आणि वाकडा असतो, पक्का सुळा जाड. कधी दुधाचा सुळा पडतच नाही आणि नवा त्याच्या शेजारी उगवतो. सात महिन्यांनंतरही अशी जोडी दिसली तर डॉक्टरांना दाखवायचं, कारण त्या फटीत अन्न अडकून हिरडी कुजते. नसबंदीच्या वेळी भूल दिलेली असतेच, तेव्हाच तो दात काढून घेता येतो.

वयाचा एवढा पिच्छा पुरवायचं कारण उपाय त्यावर ठरतो. चार-पाच महिन्यांचं पिल्लू हिरड्या शिवशिवतात म्हणून चावतं, त्याला गार आणि थोडं दबणारं काहीतरी हवं असतं. आठ-दहा महिन्यांच्या कुत्र्याचे दात आलेले असतात, ते चावतं कारण अंगात रग आहे आणि दिवसभर काम नाही. त्याला गार गाजर देऊन काही होत नाही. बहुतेक कुत्री पाहुण्यांकडून सुटतात ती नेमकी ह्याच वयात. दोन महिन्यांचं असताना सगळ्यांनी मांडीवर घेतलेलं असतं, आणि ते सोफा फाडण्याएवढं होतं तेव्हा घरातल्यांचा उत्साह संपलेला असतो.

तिसरा प्रकार ओळखायला सोपा, सोडवायला अवघड. घरात माणूस असताना कुत्रं शहाणं. बाहेरून कडी लागली की पहिल्या अर्ध्या तासात दाराची चौकट, उंबरा, खिडकीची जाळी. लाळेचं थारोळं, जागेवर लघवी, ठेवलेल्या खाण्याला तोंडही लावलेलं नाही. ही एकटं राहण्याची भीती आहे, खोडी नव्हे. म्हणून फोनवर वर्णन ऐकत बसू नका, चावलेल्या वस्तूंचे फोटो मागवा. सोफ्याचा कोपरा, उशी, रिमोट, चपला असतील तर कंटाळा. फक्त दारं-खिडक्या असतील तर भीती. भिंतीचा चुना, माती, शेण खात असेल तर जंत किंवा अर्धपोटी राहणं. आधी त्याची विष्ठा तपासून घ्यायची, शिकवण्याचं नंतर.

सीमाभागात आणखी एक गोष्ट विचारावी लागते: कुत्र्याशी कुठल्या भाषेत बोलत होता? एकाच घरात आजी 'बा बा' म्हणून बोलावते, मुलं 'कम' म्हणतात, आणि बाकीचे 'ये'. सोडायला कुणी 'बिडु' म्हणतं, कुणी 'सोड', कुणी 'नो'. मग कुत्रं ऐकत नाही म्हणून ते मठ्ठ ठरतं. त्याला कळणारा शब्द पाहुण्यांकडून माहीत करून घ्या आणि तोच चालू ठेवा. घरातल्या सगळ्यांनी एका कामाला एक शब्द वापरला पाहिजे, मग तो कन्नड का असेना.

लसीचं पुस्तक कुत्र्याबरोबरच हातात घ्यायचं, 'मागनं पाठवतो' चालत नाही. सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पार्व्हो-डिस्टेंपर ह्या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची लस आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची, एवढं त्यात दिसायला हवं. पुस्तक नसेल तर लस झालीच नाही असं समजून डॉक्टरांकडून नव्यानं सुरुवात करा. तोवर त्याचा दात कुणाला लागून रक्त आलं किंवा नुसतं खरचटलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. 'घरचंच कुत्रं' म्हणून सोडून द्यायचं नाही.

प्रवासाचं थोडक्यात. निघायच्या आधी तीन-चार तास खायला नको, पाणी चालेल. पुणे-कोल्हापूरहून बेळगावकडं येताना तवंदी घाटात बऱ्याच कुत्र्यांना गाडी लागते, तेव्हा सीटवर जुनी चादर टाका आणि निपाणीच्या अलीकडं एकदा उतरवून पाय मोकळे करू द्या, पट्टा हातात गुंडाळूनच. पाहुण्यांच्या घरचं न धुतलेलं अंथरूण बरोबर आणायचं. खाणं पहिले दोन दिवस तिथलंच ठेवायचं, मग आठवडाभरात थोडं थोडं करून बदलायचं. आल्या आल्या वाटीभर दूध पाजायची आपली पद्धत आहे, पण ह्या वयात बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. मग पहिल्याच रात्री सोप्यात जुलाब, आणि घरातल्यांचं मत तिथंच फिरतं. गणपतीच्या आठवड्यात मात्र आणू नका. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि नव्या घरात आलेल्या कुत्र्याला तो दणदणाट फार जड जातो.

घर आवरायचं ते कुत्रं यायच्या आदल्या दिवशी, आणि गुडघ्यांवर बसून. त्या उंचीवरनं घर वेगळंच दिसतं: टीव्हीमागच्या वायरी, पलंगाखालचा मोबाइलचा चार्जर, देवघराखाली ठेवलेली वातींची डबी, शिलाई मशीनखाली पडलेली रिळं. चपला साडेतीन-चार फुटांवर किंवा दाराच्या कपाटात. कोल्हापुरी असेल तर दार हवंच. अथणी-निपाणीकडची खरी कोल्हापुरी म्हणजे झाडाच्या सालीनं आणि हिरड्याच्या फळानं कमावलेलं कातडं, वर आपल्या पायाचा घाम. कुत्र्याच्या दृष्टीनं ती चप्पल नाहीच, मालकाच्या वासाचं वाळवलेलं चामडं आहे. ह्याच कारणानं 'ही जुनी जोडी तुला' हा उदारपणा करू नये. जुनी आणि लग्नातली ह्यातला फरक त्याला कळत नाही, चप्पल चावायला मिळते एवढंच तो शिकतो.

नुकसानाचं सोडा, काही वस्तू जीव घेतात, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या भागात घरोघरी पडलेल्या असतात. अथणीकडनं आलेला बेदाणा घ्या. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, आणि किती खाल्ल्यावर चालेल असं माप नाही. एक पचवतं, दुसऱ्याचं मूत्रपिंड दोन-तीन दिवसांत बंद पडतं. निपाणी भागात घरात तंबाखू असते, विड्यांची बंडलं असतात, खिडकीत चुन्याची डबी असते. तंबाखू गिळली की तासाभरात लाळ, उलटी, थरथर सुरू होते. बागेतल्या कुंड्यांना घातलेली एरंडीची पेंड कुत्र्याला खाऊसारखी लागते आणि ती जहाल विष आहे. दारातली कण्हेरही तशीच. उंदराच्या औषधाचं आणखी अवघड: एक प्रकार काही तासांत मारतो, दुसरा खाल्ल्यावर दोन-तीन दिवस कुत्रं ठणठणीत दिसतं आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. म्हणून औषधाचं वेष्टन फेकू नका, डॉक्टरांना कुत्र्याइतकीच त्याची गरज असते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ह्या आपल्या गोळ्या त्याला द्यायच्याही नाहीत आणि हाती लागूही द्यायच्या नाहीत.

विष नसलेल्या तीन वस्तूही दवाखान्यात नेतात. पावसाळ्यात भाजलेलं मक्याचं कणीस खाऊन कोपऱ्यात टाकलेला दांडा, मे महिन्यात आंब्याची कोय, आणि बारमाही नाडी. दांडा आणि कोय पचत नाहीत, आतड्यात बूच बसतं. नाडी, सुतळी, साडीच्या काठाचा दोरा ह्यांचं भय त्याहून मोठं. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं आणि दुसरं पुढं सरकत राहतं. परकराच्या नेफ्यातली नाडी ओढली की कापड चुण्या पडून गोळा होतं, तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं आणि दोरा त्याला आतून कापत जातो. अशा कुत्र्याच्या शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही. जसा आहे तसा डॉक्टरांकडे न्यायचा.

आता त्याला काय द्यायचं. दुकानात पैसे घालवण्याआधी एक पंचा घ्या. जुना, सुती, चांगला धुतलेला. बिनमिठाच्या पातळ ताकात बुडवा, पिळा, पीळ घालून मधोमध एक गाठ मारा आणि तीन-चार तास फ्रीझरमध्ये ठेवा. दात बदलणाऱ्या पिल्लाला ह्याच्याइतकं सुख दुसरं नाही. गारपणानं हिरडी बधिरते, कापड दाताखाली दबतं, ताकाचा वास त्याला धरून ठेवतो. पंधरा-वीस मिनिटांत ते मऊ पडतं, तेव्हा काढून घेऊन धुवायचं. दोरे सुटायला लागले की तो पंचा बाद. देऊन आपण बाजूला निघून जायचं नाही, तो समोरच चावू द्यायचा. ताकाऐवजी चिकन उकडलेलं पाणी चालेल, पण कांदा-लसूण न घातलेलं. दोन्ही कुत्र्याचं रक्त कमी करतात.

मोठ्या कुत्र्याला जास्त वेळ पुरणारं हवं. बेळगाव-खानापूर पट्ट्यात रताळ्याला तोटा नाही. साल न काढता लांबीत अर्धा इंच जाडीचे काप करायचे आणि ओव्हनला १२० अंशांवर दोन-अडीच तास, मध्ये एकदा उलटून, ठेवायचे. चामड्यासारखे चिवट झाले की काढायचे. मऊ राहिले तर एका घासात संपतात आणि कडकडीत झाले तर तुकडा घशात टोचतो. उन्हाळ्यात उन्हात वाळवले तरी जमतं, पावसाळ्यात मात्र नाद करू नये, दोन दिवसांत बुरशी धरते. दिवसाला एक-दोन काप पुरेत, हा खाऊ आहे, जेवण नाही. पोकळ रबरी खेळणं मिळालं तर दहीभात दाबून भरा आणि रात्रभर गोठवा. अर्धा तास निश्चिंती.

न द्यायच्या गोष्टींत पहिलं शिजवलेलं हाड, ते उभं चिरतं आणि टोकं आतड्यात घुसतात. कच्च्या चामड्याची पांढरी गाठ पोटात फुगते. ऊस तर नकोच, चोथ्याचे दोरे दातांत आणि पोटात दोन्हीकडे. नारळाच्या काथ्याचंही तेच. गोठा असलेल्या घरी बैलाच्या खुराचे तुकडे कुत्रं आपणहून उचलतं, पण त्यानं वरची मोठी दाढ फुटते. कुठलीही वस्तू देण्याआधी अंगठ्याचं नख रुतवून बघा. नख अजिबात रुतत नसेल तर ती दाताला फार कडक आहे.

तोंडातली वस्तू काढून घेणं हे ह्या सगळ्यातलं खरं कसब, आणि इथंच बहुतेक घरं चुकतात. कुत्र्यानं मोजा उचलला की सगळं घर ओरडत मागं धावतं. त्याला वाटतं, काय झकास खेळ आहे. दोनदा पकडून जबडा उचकटला की ते गिळायला शिकतं, आणि तिसऱ्या वेळी गुरगुरायला. वस्तू धोक्याची नसेल तर मागं लागू नका, फ्रीजचं दार उघडा. ते मोजा टाकून येतं.

शिकवायचं ते शांत वेळी, आणि त्याच्याच वस्तूवर. कुत्रं पंचा चावत बसलंय, तुम्ही हातात उकडलेल्या अंड्याचे चार-पाच बारीक तुकडे घेऊन बाजूनं जाऊन उकिडवे बसा, समोरनं वाकून नाही. एक तुकडा नाकाशी न्या. जबडा सैल होतो आणि पंचा सुटतो, नेमक्या त्या क्षणी 'सोड' म्हणा. आधी म्हणू नका, त्याला अजून त्या शब्दाचा अर्थ माहीत नाही. उरलेले तुकडे हातभर लांब जमिनीवर टाका, ते खाईपर्यंत पंचा उचला, बघा, आणि परत द्या. परत देणं हेच मर्म. दिलं की दुप्पट मिळतं आणि आपलं जात नाही, हे त्याला पटलं की पुढं लढाई उरत नाही. दिवसातून चार-पाच वेळा, आठवडाभर. मग आधी शब्द, मग अंडं. फसतं कुठं? लोक अदलाबदल फक्त चप्पल तोंडात असतानाच करतात. हुशार कुत्रं चार दिवसांत हिशोब मांडतं: चप्पल आणली की अंडं मिळतं. मग ते दिवसभर चपला आणून देतं.

रग जिरवण्याचं मात्र जातीवर आहे. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ आता बऱ्याच घरांत असतं. २००५ साली टपाल तिकिटावर आलेली ही जात शिकारी, नजरेनं सावज धरणारी, धावण्यासाठीच घडलेली. तिला दोन खोल्यांत ठेवून 'चावतंय' म्हणणं म्हणजे शर्यतीचा बैल न्हाणीघरात बांधून त्याच्या लाथांची तक्रार करणं. मुधोळला बंदिस्त कुंपणात मोकळं धावू द्यावं लागतं, कारण रस्त्यावर मांजर दिसलं की तिला हाक ऐकू येत नाही. बाकीच्यांना सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास हुंगत फिरवणं पुरतं. हुंगत, म्हणजे चार पावलांवर थांबू देत. नाकाचं काम कुत्र्याला पायांच्या कामापेक्षा जास्त दमवतं. निम्मं जेवण ताटलीत न देता परसात गवतात पसरून शोधायला लावलं तर तोही व्यायामच. दुचाकीला बांधून पळवण्याची हौस मात्र आवरा. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत सांध्यांची हाडं कच्ची असतात.

एकटं ठेवायचं तर सहा बाय सहा फुटांचा आडोसा करा, सोप्याच्या कोपऱ्यात लाकडी जाळी लावून. आत अंथरूण, पाणी, एक चावायची वस्तू, बस्स. पहिल्या दिवशी एक मिनिट बाहेर जाऊन परत या, मग तीन, पाच, दहा. जाताना निरोपाचे लाड नकोत आणि आल्यावर जल्लोष नको. लघवी धरण्याची ताकद साधारण वयाच्या महिन्यांत एक मिळवून जे येईल तेवढे तास, म्हणजे चार महिन्यांच्या पिल्लाला पाच, आणि तेही जास्तीत जास्त. सबंध दिवस कुलूप लावणाऱ्या घरानं दुपारी कुणीतरी येण्याची सोय आधी करावी, मग कुत्र्याला हो म्हणावं.

साखळीनं कुरतडणं वाढतंच. शिवाय १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं हा गुन्हा आहे, अन्नपाण्यावाचून हाल होतील असं सोडून देणं हाही. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, त्यावरून कायद्याचं वय कळतं. मिरचीपूड फासणं नको, ती डोळ्यांत जाते आणि काही कुत्री चाटून मोकळी होतात. कडू फवारा सोफ्याच्या पायाला चालतो, पण रोज मारावा लागतो आणि दुसरीकडे चावायला काही ठेवलेलं असलं तरच. संध्याकाळी येऊन फाटकी उशी नाकाला लावून मारणं तर निव्वळ वाया. कान पाडून, नजर चुकवून बसलेलं कुत्रं पश्चात्ताप करत नसतं, तुमच्या आवाजाला भ्यालेलं असतं.

एक दिवसाच्या आत दोन-तीन उलट्या, खाणं बंद, शौचाला न होणं, पोटाला हात लावू न देणं, पाठ कमानीसारखी करून उभं राहणं, ह्यातलं काही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. वायर चावून झटका बसला तर आधी मेन स्विच बंद, मग कुत्र्याला हात. नंतर ते बरं दिसलं तरी दाखवायचं, कारण फुप्फुसात पाणी काही तासांनी भरतं. मीठ पाजून उलटी करवू नका. रविवारी आणि रात्री कोण भेटतं हे कुत्रं यायच्या आधीच विचारून ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२, तोही मोबाइलमध्ये असू द्या.

आणि सत्यनारायणाच्या, बारशाच्या दिवशी विसरू नका. उंबऱ्याशी वीस-पंचवीस जोड सुटलेले असतात, पोरं दार उघडं टाकून पळतात, आणि ज्यांनी कुत्रं दिलं तेच पाहुणे येऊन चप्पल नाचवत 'ओळखलंस का रे' म्हणतात. त्यांना आधीच सांगा. पंचा आदल्या रात्री गोठवून ठेवा, आणि पहिली बेल वाजायच्या आधी कुत्रं आडोशात.